ठकीच्या शेपटीची बट

सोमवार, ३ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या भिंतीवर आज घोड्यांच्या खेळाचं पोस्टर लागलं. मागच्या दोन पायांवर उभा पांढरा घोडा, त्यावर काळ्या कोटातली बाई, आणि खाली कोपऱ्यात विदूषक उताणा पडलेला. ‘अभिजात अश्वविद्या आणि पोट धरून हसवणारे विनोदी प्रवेश.’ मी ह्यांच्या गोळ्या घ्यायला गेले होते. न घेताच परत आले.

हीच ती मंडळी. नोव्हेंबरात मी यांनाच ठकी विकली.

कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहून टाकते. ह्यांना अख्खा रस्ता घोडेमास्तर म्हणतो. घरामागच्या पागेत आयुष्यभर मुलांना घोड्यावर बसायला शिकवलं, म्हातारपणी बाकीचे घोडे गेले आणि ठकी तेवढी राहिली. नोव्हेंबरात एका सकाळी मी मशीनवर परकराची शिवण मारत होते आणि मागे धप्प आवाज झाला. धावले, तर हे मातीत, डोळे मिटलेले, आणि ती बया शेजारी उभी! मान खाली, लगाम लोंबतोय, जसं काही झालंच नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात मी विचारलं, “फेकलं ना तिने तुम्हाला?” हे काही बोलले नाहीत. ह्यांचं न बोलणं म्हणजे हो, एवढं मला इतक्या वर्षांच्या संसारात कळतं.

मी तिला त्याच क्षणी मनातून काढून टाकलं होतं. खेळाच्या मालकीणबाई तेव्हा इकडून चालल्या होत्या, त्यांना शांत, थोराड घोडी हवी होती. मी देऊन टाकली. पैसे इस्पितळात गेले. ह्यांना विचारलं नाही.

आणि हे शुद्धीवर आल्यापासून एकच. ठकीला चारा कोण घालतं, तिला फिरवतं कोण, मी उभा राहिलो की आधी तिला बाहेर काढतो. म्हणजे हा माणूस बरा झाला की परत चढणार आणि परत पडणार. विकली म्हटलं असतं तर कुबड्या घेऊन आणायला निघाले असते. म्हणून म्हटलं, पोट फुगलं आणि मेली.

हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग म्हणाले, “बट आणलीस का?” घोडी मेली की तिच्या शेपटीची एक बट कापून ठेवायची, ही घोडेवाल्यांची रीत. माझ्याकडे घोडीच नव्हती, बट कुठली आणू? पागेत तिचा शेपूट विंचरायचा कंगवा होता. त्यात अडकलेले केस ओढून काढले, दोऱ्याने बांधले आणि नेऊन दिले. ह्यांनी ते पांघरुणावर पसरले, एकेक केस सरळ केला, फार वेळ बघत बसले. “सगळे सारखे नाहीत,” म्हणाले. मी म्हटलं, “घाईत कापले.” मग त्यांनी ते चष्म्याच्या डबीत ठेवले. अजून तिथेच आहेत. रोज सकाळी चष्मा काढताना ती बट दिसते आणि मी स्वयंपाकघरात निघून जाते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं. लेक शाळेतलं शिकवणं आटपून परस्पर आली, पर्समधून तीन तिकिटं काढली आणि ह्यांच्या मांडीवर ठेवली. “बाबा, रविवारचा दुपारचा खेळ. दुसरी रांग, पायऱ्या चढायला नकोत.”

ह्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. पडल्यापासून हा माणूस खिडकीत बसून पागेच्या दाराकडे बघण्यापलीकडे काही करत नाही. लेकीला वाटलं, आई खूश होऊन रडतेय. ठकी मेली असंच मी तिलाही सांगितलंय.

मी म्हटलं, तंबूत गारठा असतो. लेक म्हणाली, शाल घे. मी म्हटलं, ह्यांना सारखं उठावं लागतं. हे म्हणाले, “मी धरून ठेवीन.” मी म्हटलं, घोडे बघून ह्यांना ठकीची आठवण येईल, उगाच जिवाला त्रास. त्यावर दोघंही गप्प झाली आणि मला वाटलं, जिंकले.

हे म्हणाले, “आठवण यायला घोडे कशाला बघायला हवेत.”

मी शाल शोधायला उठले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काल मी एक नीच काम केलं. बँकेतल्या साहेबांचा माझ्याकडे शिवणाला आलेला कोट उसवून सैल करून द्यायचा होता. तिकिटं त्याच्या आतल्या खिशात सरकवली, कोटाची घडी घातली आणि धाडून दिला. आता चोरीला गेली म्हणा, हरवली म्हणा.

आज सकाळी दारात साहेब स्वतः! “बाई, तुमची तिकिटं राहिली माझ्या खिशात. घोड्यांचा खेळ ना? नक्की जा, आम्ही परवा बघितला. त्या विनोदी घोडीने तर आमचं पोट दुखवलं.” इतकी प्रामाणिक माणसं नेमकी नको तेव्हा भेटतात.

हे मागून आले. “ती तिकडे कशी गेली?” म्हणाले. मी म्हटलं, धांदलीत. ह्यांनी तिकिटं घेऊन शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं. आजपर्यंत मी ह्यांना त्या खिशाचं बटण लावताना पाहिलेलं नाही. तुटलंय, लाव म्हणून मला शंभरदा सांगितलंय, ते आज स्वतःच सुईदोऱ्याने लावून बसले होते.

रविवार, ९ फेब्रुवारी

आलो. हे झोपलेत. उन्हं अजून अंगणात आहेत.

जुन्या गोदामांच्या मागच्या मैदानात तंबू आहे. आत लाकडाच्या भुशाचा वास, मधे गोल रिंगण, एका बाजूला सहा जणांचा बँड. आम्ही इतके जवळ की घोडा वळला की भुसा पायांवर उडत होता. आधी आठ पांढरे घोडे आले, जोडीजोडीने, एकमेकांच्या मधून असे निघून जायचे की सुईतून दोरा जावा. मला घोड्यातलं काही कळत नाही. नवऱ्याने जन्मभर शिकवायचा प्रयत्न केला आणि मी जन्मभर ह्यांच्या विजारींना ठिगळं लावली. पण आज मलासुद्धा श्वास घ्यायचं सुचेना.

मग मालकीणबाई काळ्या कोटात एकट्या आल्या. मी पदर डोक्यावरून ओढला, त्यांनी ओळखलं तर? पण त्या कुणाकडे बघतच नव्हत्या. त्यांचा घोडा जागच्या जागी दुडकी चालत होता. पाय उचलतोय, ठेवतोय, तालात, आणि पुढे मात्र बोटभरही जात नाही. हे माझ्या कानाशी वाकले. “हात बघ तिचे. काही करत नाहीयेत. काही न करणं सगळ्यांत अवघड असतं.” किती दिवसांनी ह्यांनी मला काहीतरी आपणहून दाखवलं! मी ह्यांचा हात धरला आणि देवाला म्हटलं, इथेच संपू दे खेळ. एवढंच असू दे.

बँड वेडावाकडा वाजायला लागला आणि विदूषक आला. गुडघ्यापर्यंत लोंबणारा कोट, बाहीत हात सापडेनात. त्याने शिडी आणली आणि ओरडला, “लोकहो, शांत बसा, आमच्या सासूबाई येतायत!”

आणि ठकी आली.

पाठीवर जांभळी शाल, डोक्यावर गवती टोपी, टोपीत कागदी फुलं. माझ्या खऱ्या सासूबाई पाहुण्यांसमोर अशाच यायच्या, कुणी बोलावलंय यावर विश्वास नसल्यासारख्या. टोपीने कान झाकले होते म्हणून वाचले. तिच्या डाव्या कानाचं टोक फाटलेलं आहे, ते दिसलं असतं तर ह्यांनी जागच्या जागी ओळखलं असतं.

विदूषक शिडीवरून चढला आणि पलीकडे पडला. परत चढला, उलट्या तोंडाने बसला, शेपूट हातात घेऊन म्हणाला, “सासूबाई, तुमचा चेहरा कुठे गेला?” तंबू नुसता खदखदत होता. चालवायला गेला की घसरायचा, आणि तो घसरला रे घसरला की ठकी जागच्या जागी थांबायची. मान वळवून त्याच्याकडे बघायची. ‘झालं तुझं?’ असं. लोक बाकांवर हात आपटत होते. लेक फोनवर चित्रण करत होती. मीच तेवढी मेल्यासारखी बसले होते.

मग ती आमच्या बाजूला आली आणि उभीच राहिली. विदूषक ढकलतोय, ओढतोय, ती हलेना. नाकपुड्या फुगल्या होत्या. आमच्यापासून हाताभरावर! विदूषक म्हणाला, “सासूबाई, चला हो, पाहुणे बघतायत, घरचं भांडण घरात!” हशा पिकला. ह्यांच्याकडे बघायचं धाडस होईना. बघितलं, तर ह्यांनी टोपी काढून गुडघ्यावर धरली होती. “उकडतंय,” म्हणाले. गारठ्यात! मग टोपी परत डोक्यावर ठेवली, मान जरा खाली केली, आणि नशीब माझं, त्याच वेळी ती चालायला लागली.

ह्यांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. रुमाल काढून किती वेळ पुसत होते. लेक म्हणाली, “बघ आई, किती दिवसांनी बाबा एवढे हसले.”

गाडीत हे म्हणाले, “चांगली घोडी आहे ती.”

“शिकवलेली असेल,” मी म्हटलं.

“माणूस कलला की थांबायचं, हे शिकवता येत नाही. ते जिचं तिला यावं लागतं.”

एवढं सगळं बघितलं आणि ओळखलं मात्र नाही! ह्यांच्या मोतीबिंदूचं आता मनावर घ्यायला हवं. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट असं वाटतंय की मी ह्यांच्या डोळ्यांसमोर ह्यांचीच वस्तू लपवून धरली आणि हे माझ्याकडेच बघून हसत होते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

खेळ बघून ह्यांच्यात जीव आलाय, हे मान्य करायला हवं. काल आणि आज दुपारी स्वतःहून काठी घेऊन बाहेर पडले. वाचनालयात जातो म्हणाले. मी म्हटलं, मी येते सोबत. “तू मशीन बघ, मला सारखं कुणी धरायला नको.” संध्याकाळी आले ते गालांवर रंग घेऊन.

गाजरंही खायला लागलेत. डोळ्यांना चांगली म्हणे. आपल्या हाताने सोलतात, उभ्या फोडी करतात आणि डब्यात भरून घेऊन जातात. मी म्हटलं, चकत्या करून देते. “नको, उभ्याच. आडव्या घशात अडकतात.” घोड्याला चिरायचे तशीच चिरतात, जन्माची सवय. आणि इतकी गाजरं! काल आणलेली जुडी आज संपली. चला, औषधापेक्षा बरं.

विजारीच्या मुडपीत लाकडाचा भुसा निघाला. वाचनालयाशेजारी सुतार आहे, त्याच्याकडे टेकत असतील. बोलायला माणूस हवंच ह्यांना. माझ्याशी काय बोलणार? मी समोर आले की मला वाटतं ह्यांच्या डोळ्यांत प्रश्न आहे, आणि मी कात्री शोधायला उठते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज राहवेना. दोरे आणायला जाते म्हणून सकाळीच निघाले ती थेट तंबूवर. काय करणार होते मला ठाऊक नव्हतं. मालकीणबाईंना सांगणार होते, ह्यांना कधी भेटलात तर बोलू नका. खरं म्हणजे तिला बघायचं होतं.

मालकीणबाई गावात गेल्या होत्या. तंबूमागे पागा, आणि पागेच्या दाराशी एक बारीकसा, चष्म्यातला माणूस पालथ्या बादलीवर बसून लांब कोटाला टाके घालत होता. कोटावरून ओळखलं, हाच विदूषक. टाके असे की माझ्या डोळ्यांना दुखायला लागले. सुई त्याच्या हातातून घेतली आणि शिवायला बसले. “ही घोडी पूर्वी माझ्याकडे होती,” एवढंच सांगितलं.

तो एकदम खुलला. “मावशी, मग तुम्हाला माहीत असेल ही कसली आहे! मला पडू देत नाही हो. माझा जरा तोल जाऊ दे, ही थांबलीच. मला घोड्यावरून पडायचा पगार मिळतो आणि ही बाई पडू देत नाही. महिनाभर डोकं फोडलं. शेवटी म्हटलं, बरं बाई, तू थांब, मी उभ्या घोडीवरून पडायला शिकतो. तोच आमचा खेळ झाला.”

“फेकत नाही कधी?”

“ही? हिने पाठीवरची माशी फेकली नसेल.”

सुई बोटात गेली. तोच बोलत होता. गाव फार प्रेमळ आहे तुमचं म्हणाला, सासूबाईंना इथे रोज गाजरं येतात, तीही सोलून, उभी चिरून. मी म्हटलं, असेल कुणी समजूतदार. माझं लक्ष कुठे होतं त्यात? माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. फेकत नाही. फेकत नाही. मग हे पडले कसे?

कोट देऊन आत गेले. ठकीने माझ्या पिशवीत तोंड घातलं, दोऱ्याची रिळं हुंगली आणि उसासा टाकला. अंग तुकतुकीत आहे, खूर स्वच्छ आहेत. मी तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि म्हटलं, माझं चुकलं गं. तुला न विचारता विकलं आणि वर मेलीस म्हणून सांगितलं. ती कान हलवत उभी राहिली, फाटका आणि बरा दोन्ही. हे मातीत पडले तेव्हाही ही अशीच उभी होती. मी तिला निर्लज्ज म्हटलं होतं. ती थांबली होती!

सोमवारी मुक्काम हलणार आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दोन दिवस मी ह्यांच्याकडे चोरून बघतेय. उठताना दाराची चौकट धरतात. धरतात आणि क्षणभर डोळे मिटतात. मला वाटायचं खुबा दुखतो. पण पडायच्या आधीही धरत होते! गेल्या पावसाळ्यात चहाचा कप हातातून दोनदा पडला. एकदा दाढी करता करता खाली बसले आणि म्हणाले, साबण शोधतोय. साबण तर हातात होता. मी हसले होते तेव्हा.

आज जेवताना विचारलं, “अहो, तुम्ही पडलात तेव्हा नक्की काय झालं होतं?”

“झालं ते झालं.” बटाट्याची फोड ताटात इकडून तिकडे करत राहिले. “तुला आत्ता का आठवलं?”

“असंच.”

“असंच,” हे म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. चौकट धरली.

आम्ही दोघं समोरासमोर बसून एकमेकांपासून काय काय झाकत होतो! माझ्या ताटातलं सगळं तसंच राहिलं. उद्या सांगायचं. उद्या शेवटचा खेळ आहे, तो निघून गेला की मी कधीच सांगणार नाही, मी मला ओळखते.

रविवार, १६ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी हे ओट्याशी उभे राहून गाजरं सोलत होते. मी पाठीमागे उभी राहून बोलले, तोंड बघून जमलं नसतं. म्हटलं, “ठकी मेली नाही. मी विकली. ती खेळातली सासूबाई आपली ठकी आहे. तुम्ही इस्पितळात होतात आणि मी खोटं बोलले.” एका दमात. मग वाटलं, आता सोलणं थांबेल, सुरी खाली पडेल, हे ओरडतील.

सोलणं थांबलं नाही. गाजर संपवलं, उभं चिरलं, डब्यात ठेवलं, हात धुतले. मग आत जाऊन चष्म्याची डबी आणली आणि बट टेबलावर ठेवली.

“ये इकडे. बस. केसांची टोकं बघ.”

मी बघितली. काही आखूड, काही लांब, काहींच्या मुळाशी पांढरा ठिपका.

“कापलेली बट एका रेषेत असते,” हे म्हणाले. “हे विंचरताना निघालेले केस आहेत. अगं, जन्मभर कात्री चालवतेस, आणि कापलेलं नि गळलेलं तुला कळू नये?”

“म्हणजे तुम्हाला…”

“तू बट दिलीस त्याच दिवशी कळलं. मेलेल्या घोडीची बट कुणी कंगव्यातून आणत नाही. मग जिवंत आहे एवढं तरी समजलं. कुठे आहे ते त्या दिवशी तंबूत समजलं. टोपी घालून काय होतं? चालीवरून ओळखतो मी तिला.”

गाजरं, भुसा, वाचनालय! मी कपाळाला हात लावला. विदूषकाने माझ्या तोंडावर सांगितलं आणि मी म्हणते, असेल कुणी समजूतदार. मला हसूही यायला लागलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम येतं तेव्हा माणूस फार वाईट दिसतो. मग रागच आला. “इतके महिने मला जाळत ठेवलंत! एका शब्दाने विचारलं नाहीत!”

ह्यांनी मान खाली घातली. “तुला विचारलं असतं तर तूही मला विचारलं असतंस.”

“काय?”

“की मी पडलो कसा.”

मग सगळं सांगितलं. चक्कर वर्षभर येतेय. डोळ्यांपुढे काळोख होतो, जातो. डॉक्टरला सांगितलं तर घोड्यावर बसू देणार नाहीत, म्हणून कुणाला सांगितलं नाही. त्या सकाळी ठकी चालत होती, साधी चालत, आणि ह्यांच्यापुढे काळोख झाला. “ती थांबली होती. मी कललो तेव्हाच थांबली होती. मीच धरू शकलो नाही. आणि तू विचारलंस, फेकलं ना तिने? मी गप्प बसलो. माझ्या एका न बोलण्याने ती फेकणारी घोडी ठरली. तू विकणारच होतीस. कुणीही विकली असती.” टेबलावरचे केस बोटाने गोळा करत होते. “तू तिला मेली म्हणालीस. मी तिला बदनाम केलं. ती बिचारी दोन्ही वेळा उभीच होती.”

मी म्हटलं, “परत आणू या. मागते मी मालकीणबाईंकडे, पाया पडते.”

“आणून काय करायचं? मला आता चढायचं नाही. ती अंगणात बांधलेली, मी खिडकीत बसलेला, एकमेकांकडे बघत म्हातारे व्हायचं? तिकडे तिला काम आहे. आणि तिच्यावरून जो पडतो त्याला निदान पगार मिळतो.”

हे ऐकून माझं चुकलं ते बरोबर झालं असं नाही. ह्यांना न विचारता ह्यांचा जीव मी दुसऱ्याच्या हातात दिला. नंतर तो सुखात निघाला, हा माझा शहाणपणा नाही.

दुपारी शेवटच्या खेळाला गेलो, दोघंच. ठकी आमच्या बाजूला येऊन थांबली तेव्हा ह्यांनी टोपी काढली नाही. माझ्याकडे बघितलं. मग मीच हात जोडले. विदूषक म्हणाला, “बघा, सासूबाईंना नमस्कार करणारी एक तरी सून निघाली!” अख्खा तंबू माझ्याकडे बघून हसला. हसू दे.

खेळ संपल्यावर मागे गेलो. गाजरं ह्यांनी माझ्या हातात दिली. “तू घाल.” ठकीने सगळी खाल्ली आणि मग ह्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. हे तिच्या कानात काहीतरी बोलले. ते मी ऐकलं नाही आणि विचारलंही नाही. मी पिशवीतली कात्री काढली होती, म्हटलं, एक खरी बट कापून घेऊ. ह्यांनी माझा हात धरला. “जिवंत घोडीची बट कापत नाहीत.”

बुधवार, १९ फेब्रुवारी

मैदान रिकामं झालंय. भुशाचं गोल तेवढं राहिलंय.

ह्यांना आज डॉक्टरकडे नेलं. हे कुरकुरले, मोतीबिंदूचं बघायला चाललोय ना, म्हणाले. मी म्हटलं, मोतीबिंदू मलाच झाला होता, चला. लेकीलाही काल सगळं सांगितलं. ती माझ्याशी नीट बोलत नाहीये. बोलेल, किंवा थोडे दिवस नाही बोलणार. तिचा हक्क आहे.

डॉक्टर तरुण आहेत. जुने कागद चाळले आणि म्हणाले, “इथे लिहिलंय, घोड्याने फेकल्यामुळे पडले.”

ते मीच लिहायला सांगितलं होतं तेव्हा. मी तोंड उघडणार होते, पण ह्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि पागेत मुलांना सांगायचे त्या आवाजात म्हणाले, “चूक आहे ते. खोडा. घोडी थांबली होती. मला चक्कर आली आणि मी पडलो.”

डॉक्टरांनी खोडलं. मग चक्करीबद्दल बारीकसारीक विचारत राहिले, केव्हापासून, किती वेळ, कुठल्या बाजूला. हे सगळं सांगत होते, शहाण्या मुलासारखं. तपासण्या लिहून दिल्या. उठताना ह्यांनी चौकट धरायला हात पुढे केला, तिथे मी उभी होते, तर मला धरलं.

दारात डॉक्टरांनी सहज विचारलं, बोलायचं म्हणून, “आणि ती घोडी? आहे का अजून?”

हे माझ्याकडे बघत थांबले. उत्तर मी द्यायचं होतं.

“जिवंत आहे,” मी म्हटलं.